आबिलिओच्या घरचे

दर मे महिन्यात विझेऊहून एक पत्र यायचं : "गिनीत लढलेल्या आपल्या लष्करी कंपनीचं स्नेहभोजन. कोकराचं मटण की कॉड मासा, तेवढं कळवणे." आबिलिओ दरवर्षी उत्तर लिहायचा, वाचायचा आणि फिकं वाटलं म्हणून फाडायचा. लढाईत तो कंपनीचा कारकून. बंदुकीपेक्षा पेनच जास्त चालवलेलं. आपली आठवण कुणाला असणार? पुढे ती पत्रंही थांबली. बायको गेल्यावर टपालात नुसतं विजेचं बिल उरलं.

एका रविवारी शेजारच्या गावात, अग्निशमन दलाच्या सभागृहात, त्याच लढाईवरचा सिनेमा लागला. आबिलिओ बसने गेला आणि मागच्या रांगेत बसला. सिनेमाआधी एक टकला म्हातारा मंचावर चढला. आवाजावरून आबिलिओने ओळखलं : हवालदार वेनान्सिओ, पत्रांखाली सही असायची तोच.

"आधी आमच्या कंपनीच्या दिवंगतांसाठी उभे राहू," म्हणत त्याने नावं वाचली. त्यात आबिलिओचंही होतं.

सगळे उभे राहिले. आबिलिओही राहिला. एवढ्या शांततेत 'मी आहे!' असं ओरडणं त्याला बरं दिसेना.

तिकिटं फाडणाऱ्या ग्रासिएतबाईंनी त्याचा पडलेला चेहरा पाहिला. "जवळचं होतं का हो कुणी?"

"हो. बरंच."

"कोण?"

"आबिलिओ."

बाईंनी त्याचा दंड धरून त्याला थेट मंचाशी नेलं. "अहो, हे बघा, आबिलिओंच्या घरचे!"

वेनान्सिओने कडकडून मिठी मारली. "किती शोधलं तुम्हाला! तीन वर्षं उत्तर नाही आलं की माणूस गेला, असा आमचा नियमच आहे. काय माणूस होता! अर्ध्या कंपनीची प्रेमपत्रं त्यानंच लिहिली. माझी बायको त्याच पत्रांवर भाळली. लग्नानंतर म्हणाली, 'तुम्ही पत्रातच बरे होतात.'"

"तसा साधाच होता तो," आबिलिओ पुटपुटला.

"साधा? घरचे असाल, पण गेलेल्या माणसाला नावं ठेवू नका!"

असं दटावून त्याने पिशवीतून आबिलिओच्या नावाचा संगमरवरी स्मृतिफलक काढला आणि आबिलिओच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. आबिलिओने सांगायला तोंड उघडलं, तोच दिवे मालवले.

पडद्यावर देखणे सैनिक मरताना लांबलचक बोलत होते. खऱ्या गिनीत त्यांनी बहुतेक वेळ डास मारले होते. लढाईत समोरच्या बाजूला कोण माणसं होती, ते तेव्हा कळलं नव्हतं, सिनेमातही कळलं नाही. स्वतःचा फलक मांडीवर घेऊन तो शेवटपर्यंत बसला. दिवे लागले तेव्हा विझेऊची मंडळी निघून गेली होती.

घरी फलक कुठे ठेवावा, कळेना. शेवटी जेवणाच्या टेबलावर, समोरच्या खुर्चीपुढे उभा केला. सूप पिताना कितीतरी दिवसांनी समोर कुणीतरी होतं.

सकाळी त्याने लिहिलं :

"प्रिय वेनान्सिओ, कॉड मासा. फलक परत आणतो आहे. जपून ठेव, लागेलच. तुझा, आबिलिओ."

वाचून पाहिलं. फिकंच होतं. दुसऱ्यांदा वाचायची बुद्धी व्हायच्या आत तो घरातल्या सपातांवरच कोपऱ्यापर्यंत गेला आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.