निरोपाच्या धोटेमॅडम

धोटेमॅडम आमच्या हॉटेलात आल्या, त्या सकाळी त्यांनी काउंटरवर येऊन पहिला प्रश्न विचारला, "इथून माणसं जातात कशी?"

मी म्हटलं, "रिक्षाने."

पुण्यात याला उत्तर म्हणतात. मॅडमनी मात्र मान डोलावली, लाउंजमधली एक खुर्ची उचलली आणि स्वतः नेऊन फाटकाजवळ मांडली. दुपारपर्यंत त्या तिथे बसून होत्या, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं तोंड निरखत. रखवालदाराने मला फोन करून विचारलं, "बाईंचं कोणी हरवलंय का?"

स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर आमचं सरकारी हॉटेल आहे. इमारत दणकट, खोल्या ऐसपैस, आणि आम्ही कर्मचारी कायमचे. त्यामुळे पाहुणा आला काय आणि गेला काय, आमच्या चेहऱ्यावर फरक पडायचं कारण नव्हतं. एकदा राहून गेलेला माणूस पुन्हा फिरकत नसे. सरकारच्या हे उशिरा का होईना लक्षात आलं आणि हॉटेल चालवायला मदत म्हणून बाहेरची सल्लागार कंपनी नेमली गेली. तिला वर्षभराची मुदत. तेवढ्यात सुधारणा दिसली नाही तर हॉटेल एखाद्या खासगी मालकाला चालवायला द्यायचं आणि आमची पांगापांग करायची, असं ठरलं. माझी उभी नोकरी त्या एका काउंटरमागे गेलेली. उद्या कुठल्या तरी खात्यात कोपऱ्यातलं टेबल मिळेल, या विचाराने मला धडकी भरत होती. आणि मी घाबरले की जास्तच तुसडी होते.

कंपनीची बाकीची मंडळी तरुण होती. लॅपटॉप उघडून ती आम्हाला स्वागत शिकवायची. धोटेमॅडम साठीच्या, मूळच्या नागपूरच्या, सगळं आयुष्य राज्यभरातल्या हॉटेलांत काढलेल्या. त्यांना स्वागतात काडीचा रस नव्हता.

"स्वागत तं कोणीही करते जी," त्या म्हणायच्या. "जातानी कोण पुसते, ते सांगा."

"पुसायला दोघीजणी आहेत," मी म्हटलं. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

त्यांच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर त्या सफाईच्या दोघींशी पाहुण्यांबद्दल तासभर बोलून आल्या होत्या, आणि त्या दोघीही खूश होत्या.

त्यांनी आमचे शब्द बदलायला घेतले. "खोली सोडली का?" हा आमचा ठेवणीतला प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "सोडतात ते नवऱ्याले. खोली काऊन सोडाची? 'निघालात का' म्हणा." आणि मला एकटीला गाठून वर, "सहस्रबुद्धेबाई, इतक्या बुद्ध्या आहेत तुमच्यापाशी. एक तं हसण्याकडे लावा न."

मला राग आला होता. घरी जाऊन आरशासमोर हसूनही पाहिलं होतं.

एकदा फाटकावरून त्यांचा फोन आला, "खालच्या खोलीतले पाहुणे जाऊन राहिले." मी शेवटचा शब्द तेवढा धरला. राहिले म्हणजे मुक्काम वाढला, असं समजून मी त्या खोलीत जेवणाचं विचारायला माणूस पाठवला. तिकडे ती मंडळी रिक्षा थांबवून सामानाची वाट बघत उभी.

"अहो, मग गेले की राहिले? एक काय ते सांगा," मी वैतागून म्हटलं.

"तेच तं सांगून राहिली," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

यानंतर त्यांनी दही काढलं. आमच्याकडे सहलीला येणारा माणूस विरळा. कोणी मुलाच्या ॲडमिशनला, कोणी इंटरव्ह्यूला, कोणी मोठ्या डॉक्टरांना दाखवायला येतं. सगळ्यांचं काहीतरी काम अडलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, अशा माणसाला घरून निघताना हातावर दही देतात, मग आपण का द्यायचं नाही? आमच्या व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "पण हे कोणत्या हेडखाली दाखवायचं?" त्यांनी विचारलं. "नाश्त्याच्या," मॅडम म्हणाल्या. "ताटात वाढतो ते हातावर वाढू." सरकारी नियमात ताटाचा आग्रह कुठेच नाही, असं शोधाअंती निघालं.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी वाटी-चमचा आला. परप्रांतातून हिंजवडीला इंटरव्ह्यूसाठी आलेला एक तरुण दह्याचा पहिला मानकरी. तळहातावर पांढरं काहीतरी पडल्यावर त्याने ते भक्तिभावाने दोन्ही हातांना चोळलं, उरलेलं मानेला लावलं आणि "थँक यू, आंटी" म्हणून रिक्षात बसला. मी हसू दाबत काउंटरखाली वाकले. पण त्याला नोकरी लागली, आणि महिन्याभराने तो आईवडिलांना घेऊन आमच्याकडेच उतरला. मॅडम म्हणाल्या, "खाल्लं काय अन् लावलं काय, पावलं न?"

हळूहळू माणसं परत येऊ लागली. मुलीच्या ॲडमिशनला आलेले तिला हॉस्टेलवर सोडायला आले, तेव्हा आमच्याकडेच राहिले. "काम झालं हो" हे सांगायला म्हणून काहीजण काउंटरवर डोकावून जायचे. आणि मी, सहस्रबुद्धे, त्यांना विचारू लागले, "मुलीला मेसचं जेवण आवडतंय का?" माझा मुलगा म्हणाला, आई, तू बरी आहेस ना?

मुदत संपताना मुंबईहून एक मोठे अधिकारी आले. हॉटेल ठेवायचं की द्यायचं, हे त्यांच्यावर होतं. दोन दिवस त्यांनी कोणाला काही पत्ता लागू दिला नाही. निघताना फाटकाशी मॅडमनी त्यांचा उजवा हात पुढे घेतला आणि त्यावर दही घातलं. डाव्या हातात बॅग. साहेब क्षणभर दह्याकडे बघत राहिले. "आमची आई गेल्यापासून कोणी दिलं नव्हतं," एवढं म्हणून त्यांनी तळहात तोंडाला लावला. पण निर्णय काही दह्याने झाला नाही, हे मला ठासून सांगायचंय. आदल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ते ज्या ज्या टेबलाशी थांबले होते, तिथे तिथे त्यांना दुसऱ्यांदा आलेला पाहुणा भेटला होता.

हॉटेल सरकारकडेच राहिलं. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

कंपनीचं काम संपलं. मी मॅडमना विचारलं, "आता घरी आराम का?"

"घर म्हणजे नागपूरले एक फ्लॅट आहे," त्या म्हणाल्या. "लग्न काही केलं नाही. जन्मभर हॉटेलांतच राहिली. फ्लॅटची चावी चौकीदारापाशी असते, त्याले शोधण्यातच माझा अर्धा दिवस जाते." हे सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आम्ही त्यांच्यासाठी शाल आणली होती, हार सांगून ठेवला होता. पण माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या गडबडीत त्या कोणालाही न सांगता निघून गेल्या. मला फार लागलं ते. जगाला निरोप द्यायला शिकवणारी बाई, आणि स्वतःवर वेळ आल्यावर अशी निसटली.

दिवाळीत आमचं हॉटेल ओस असतं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी काउंटरवर एकटीच होते. दारात रिक्षा थांबली आणि धोटेमॅडम उतरल्या. हातात एकच बॅग.

"मॅडम, पुन्हा इथलं काम मिळालं का?" मी उभी राहत विचारलं.

"काम नाही जी. खोली पाहिजे. पैसे भरून."

"ऐन दिवाळीत?"

त्या बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "दिवाळीले सगळे आपल्या माणसांत जातात न," त्या म्हणाल्या. "मी खूप हॉटेलं पाहिली. विचार केला तं हेच आठवलं."

सगळं राज्य पालथं घातलेली ही बाई, आणि तिला आम्ही आठवलो. मला इतका अभिमान नोकरीत कधी वाटला नव्हता, आणि इतकं भरूनही कधी आलं नव्हतं.

काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला आम्ही सगळ्यात आधी विचारतो, "किती दिवस?" तो प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.