सुईवरचे टोपण

टोचणारा हात आणि टोचून घेणारा दंड एकाच माणसाचे असू नयेत, हे आरोग्यसेवेचे मूलभूत तत्त्व आहे. (ते कुठेच लिहिलेले नाही, म्हणूनच सगळे पाळतात.)

चार नंबरच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टर हे तत्त्व प्राणपणाने जपत. एका हंगामात त्यांनी दोन हजार तीनशे सोळा जणांना फ्लूची लस टोचली. प्रत्येकाला सांगितले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस." स्वतः मात्र त्या मुंगीच्या वाटेला गेल्या नाहीत. कारण शास्त्रीय होते. लस अंगात साठून राहते, असे त्यांच्या भावोजींनी मोबाइलवर कळवले होते. भावोजी फरशा विकतात.

त्या काही एकट्या नव्हत्या. एकेचाळीस कर्मचाऱ्यांपैकी नऊ जणांना अ‍ॅलर्जी होती (कशाची, ते ठरायचे होते), अकरा जण पुढच्या खेपेची वाट पाहत होते आणि उरलेले मोठ्या डॉक्टरांची. मोठे डॉक्टर म्हणाले, आधी कर्मचारी, मी सगळ्यांत शेवटी. या त्यागाबद्दल टाळ्या झाल्या.

मग वरून परिपत्रक आले: लस घेतानाचा फोटो पाठवा. सिस्टरांनी बाही वर केली आणि हसल्या. सुईवरचे टोपण तसेच होते, पण ते अंगठ्याआड गेले. फोटो इतका सुरेख आला की त्याचे पोस्टर झाले: 'मी घेतली, तुम्हीही घ्या.'

सिस्टरांचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अर्ध्या दमावर दिवस काढणारे. त्यांनाही लस हवी होती. एवढी घाई काय, म्हणून लेकीनेच थांबवले. पण पोस्टर पाहून त्यांचा ऊर भरून आला. पुढे लेक खोकत घरी आली, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना लांब बसायला सांगितले. हिने लस घेतलीय, साधा खोकला असणार, म्हणत ते दोन दिवस तिच्या उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवत राहिले.

पाचव्या दिवशी ते ऑक्सिजनवर होते. खाट नेमकी पोस्टरसमोर आली. नळी जरा सरकवून त्यांनी विचारले, "तुला टोचताना फार दुखलं का गं?"

सिस्टरांनी नळी पुन्हा नीट बसवली. "मुंगी चावल्यासारखं, बाबा," त्या म्हणाल्या.

बाबांचे समाधान झाले. ते त्यांचे शेवटचे. कागदावर मृत्यूचे कारण 'वार्धक्य' असे लिहिले गेले आणि पोस्टर भिंतीवरच राहिले, कारण ते उतरवण्याचे परिपत्रक आले नव्हते.

वाचकांना सिस्टरांचा संताप येणे स्वाभाविक आहे. मात्र बोट दाखवायला हात उचललाच आहे, तर त्याच हाताची बाही जरा वर सरकवावी. (फोटोची गरज नाही.)