पिशवी बसंना

आमच्या गल्लीत एक गृहस्थ सायकलच्या सीटला लावायची पिशवी स्वतःच्या कमरेला बांधून सायकल चालवायचे. पिशवी पाठीमागे, तिचे दोन्ही पट्टे पँटच्या पट्ट्याखालून ओवलेले, बकलं घट्ट. समोरून बघितलं तर पांढऱ्या मिशांचा साधा म्हातारा माणूस. मागून बघितलं की लोक पुन्हा बघायचे. रंकाळ्यावर एकाने धीर करून विचारलं, तर पाय टेकून म्हणाले, "शीटला कड्या न्हाईत. मला पट्टा हाय. मग कुणाला बांधू, तूच सांग."

हे हिंदुराव आबा. दूध संघातून रिटायर झालेले, मूळचे कोडोलीचे. माझी बायको सुनंदाही कोडोलीची. त्यामुळे आमच्या दोन घरांत भिंत एकच असली तरी मी त्यांचा शेजारी कधी झालोच नाही, मी गावचा जावई. सुनंदाला ते लेकीसारखं "अगं सुनंदे" म्हणतात आणि मला "काय पावणं". जावयाला मान असतो असं ऐकलं होतं. माझ्या वाट्याला शिडी धरणं, टाकीत किती पाणी आहे ते बघणं, आणि अलीकडे ही पिशवी आली.

पिशवी जर्मनीहून आली. आबांचा मुलगा संग्राम तिकडे नोकरीला असतो. बापाच्या वाढदिवसाला त्याने ती कुरिअरने पाठवली. तपकिरी, जाड चामड्याची, पितळी बकलांची. कोल्हापूरला, चपलांच्या गावाला, चामडं पाठवायला तेवढं धाडस लागतं. हल्ली प्रेम असंच येतं. दारात सही करायची, खोका फोडायचा, मिळालं म्हणून फोटो पाठवायचा, विषय संपला.

इथे मात्र विषय संपला नाही. त्या पिशवीचे पट्टे सीटच्या मागच्या दोन कड्यांत ओवायचे असतात. तिकडच्या सीटना त्या असतात म्हणे. आबांची सायकल जुनी, काळी, दांडीची. सीटखाली दोन जाडजूड स्प्रिंगा, मागे कडीबिडी काही नाही. बापाला सायकल आवडते एवढं लेकाच्या लक्षात होतं. ती कसली आहे हे तो विसरला होता. लहानपणी त्याच दांडीवर बसून तो शाळेत गेलेला, पण मागचं सीट दांडीवरून कुठे दिसतं म्हणा.

गल्लीतल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, सीट बदला. आबा त्यावर उसळायचे. "पिशवीसाठी शीट बदलू? उद्या टोपी बसंना म्हणून डोस्कं बदलशीला व्हय?"

मग प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा सुतळीने बांधली. कळंब्याला जाईपर्यंत सुतळी सैल होऊन पिशवी चाकावर घासायला लागली आणि आबा वाटभर मागे वळून "कोण हाय रं?" म्हणत राहिले. मग दुधाच्या कॅना बांधतात तशी ट्यूब कापून पट्ट्या केल्या. पिशवी घट्ट बसली, पण खड्डा आला की रबर ताणून ती खाली जायची आणि परत वर येऊन आबांना मागून फटका द्यायची. "बापाला लाथा घालायला पाठवलीया काय त्येनं?" असं ते चारचौघांत विचारायचे. एकदा थेट स्प्रिंगांत पट्टे ओवले. आबा बसले की स्प्रिंग दबायची आणि पट्टा चिमटीत सापडायचा. तो सोडवायचा तर आधी आबांनी उतरायचं, आणि आबा म्हणायचे, आधी पट्टा सोडवा.

या सगळ्यात मला बोलावणं असायचंच. शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "पावणं, उद्या दुपारी आपुन बसायचं बरं का!" आमच्या कोल्हापुरात दोन पुरुष दुपारी 'बसणार' म्हटल्यावर त्याचा अर्थ एकच होतो. समोरच्या काकूंनी तो तसाच घेतला आणि सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, म्हाताऱ्याच्या नादानं तुझा नवरा बिघडला." सुनंदाने खुलासा केला की ते पिशवी बसवायला बसतात. काकू म्हणाल्या, "व्हय, आता पिशवीतली बी मिळती." तेव्हापासून गल्ली माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघते. पीत असतो तर निदान काही वाटलं नसतं.

रविवार आम्ही उगाच धरत नव्हतो. संग्रामचा फोन रविवारी सकाळी यायचा. आबा कानाने जरा कमी, त्यामुळे फोन स्पीकरवर, आणि भिंत एकच. पूर्वीचा फोन मला पाठ होता. "पप्पा, जेवलासा?" "व्हय." "गोळ्या घेताय न्हवं?" "व्हय." "ठेवतो मग." कुकरची शिट्टी व्हायच्या आत संपायचा. पिशवी आल्यापासून मात्र "पप्पा, बसली का?" अशी सुरुवात व्हायची आणि आमची भाजी निवडून, चिरून, शिजून व्हायची तरी चालू. संग्राम चित्रं काढून पाठवायचा, व्हिडिओ पाठवायचा, वैतागायचा. "पप्पा, दोन्ही स्प्रिंगांच्या मागनं एक काठी आडवी बांधा आणि पट्टे काठीला अडकवा. लई सोपं हाय." एकदा तर बोलता बोलता त्याने विचारलं, "लहानपणी चेनमध्ये माझा पाय घावला, ती हीच सायकल का ओ?" मग आबा म्हणाले, "हीच की रं. मी पळवतच न्हेलतं तुला दवाखान्यात."

काठी म्हणून आबांनी आमच्या घरातलं लाटणं नेलं. सुनंदाच्या माहेरचा माणूस, तिने काही म्हटलं नाही, चपात्या आठवडाभर बाटलीने लाटल्या. पुढच्या रविवारी दुपारी मी ते लाटणं स्प्रिंगांच्या मागे तारेने आवळून बांधलं, पट्टे त्यावरून घेतले, बकलं लावली. पिशवी बसली. अगदी जन्मल्यापासून तिथेच असल्यासारखी बसली. मी सायकल गल्लीतून फिरवून आणली, खड्ड्यांतून नेली, ती हलली नाही. मी ओरडलो, "आबा, बसली की!"

आबांनी पिशवीला हात लावला, हलवून बघितली आणि म्हणाले, "बसल्यागत दिसतीया. बसली न्हाय."

दुसऱ्या दिवशी लाटणं आमच्या उंबऱ्यावर होतं, पिशवी पुन्हा त्यांच्या कमरेला. आणि पुढच्या रविवारी मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकलं, "न्हाय बाबा, काठीचं काय जमंना. पावण्यांनी लई केलं, पर बसंना."

माझं डोकं फिरलं. माझ्या रविवारांची माती झाली, गल्लीत मी दारुडा ठरलो, आणि वर माझ्या हाताला यश नाही अशी बातमी परदेशात गेली! मी तरातरा त्यांच्या घरात गेलो. आबा पलंगावर फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. पलीकडून संग्राम सांगत होता, दुसरी युक्ती शोधतो, पुढच्या रविवारी सविस्तर बोलू. आबांनी मला बघितलं. नुसती मान हलवली. नको म्हणून. त्या माणसाने मला आयुष्यात कामं सांगितली होती, विनवणी पहिल्यांदाच केली.

मी परत आलो. सुनंदाला म्हणालो, "तुमच्या गावची माणसं..." पिशवी बसली की बापलेकाचं बोलणं संपणार, एवढं साधं गणित होतं, आणि मी तारेने आवळत बसलो होतो.

मग मीही त्यांना सामील झालो. नवे नवे अपयशी प्रकार मी शोधून देऊ लागलो. छत्रीची तार, पडद्याच्या रिंगा, म्हशीचा कासरा. संग्राम हसायचा, चिडायचा, आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढायचा. आबांची बायको, आमच्या काकी, जाऊन वर्षं झाली, त्यांचं नाव त्या घरात पिशवीमुळे पुन्हा निघायला लागलं. मला संग्रामचा राग येत नव्हता असं नाही. बापाशी बोलायला ज्याला दुरुस्तीचं निमित्त लागतं त्याचा राग नाही यायचा तर कुणाचा यायचा? पण बोलत होता, तेवढं बरं म्हणायचं.

शेवटी त्यानेच घात केला. हुशार पोरगा, किती दिवस गप्प बसेल. त्याने तिकडे बसून इकडे ऑर्डर टाकली आणि एक दिवस कुरिअरवाला नवं सीट घेऊन आला. मागे दोन चकचकीत कड्या असलेलं. "व्हिडिओ कॉल करा, माझ्यासमोर बसवा," असा निरोपही आला. पळवाट राहिली नाही. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला, आबांनी स्वतःच्या हाताने जुनं सीट काढलं, नवं लावलं, कड्यांत पट्टे ओवले. पोराच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. "सुटला बघा प्रश्न! आता टेन्शन न्हाय, पप्पा." आबा म्हणाले, "व्हय, बसली." मी खोटं वाटावं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही, अंगठ्याचं चित्र आलं. त्याच्या पुढच्या रविवारी, कामात आहे, नंतर करतो, असा मेसेज. नंतर परत ते जेवलासा, गोळ्या, ठेवतो. आबा आता रुबाबात फिरतात, पिशवी सीटच्या मागे एका रेषेत. रंकाळ्यावर कुणी वळून बघत नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली. गेलो तर आबांनी सायकल अंगणात उलटी करून ठेवलेली. खाली बसून ते चाक फिरवत होते.

"पावणं, जरा बगा की. उद्या रविवार हाय. काय बिघडलंय का हिचं."

मी ब्रेक दाबून बघितले. चेन ओढून बघितली. पेडल, बेअरिंग, डायनॅमो, घंटी, एकेक करून सगळं तपासलं. चाक तर सोडल्यावर थांबायचं नाव घेईना. कुठे कुरकुर नाही, कुठे गंज नाही. मी मुद्दाम म्हणालो, "मागचा ब्रेक जरा सैल वाटतोय."

त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक पक्का लागला.

"न्हाय वो," आबा हात पुसत म्हणाले. "लईच निगा राखली मी हिची. माझंच चुकलं."