दुसऱ्या कडव्यापाशी

दादाच्या गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि टेलिफोनकाकांचा नवाकोरा संगणक पुन्हा बंद पडला. आतल्या पंख्याची घरघर थांबली, पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरं उमटली, आणि शेजारच्या टेपरेकॉर्डरमधला दादा मात्र तसाच गात राहिला. काकांनी झडप घालून टेप थांबवली.

"सातव्यांदा," ते म्हणाले आणि वही उघडली.

काकांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधण्यात घालवली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी इमारतीतले लोक त्यांना टेलिफोनकाकाच म्हणत. त्यांची बायको कपडे शिवून द्यायची, म्हणून ती शिवणकाकू. वहीत काकांनी जुन्या सवयीनं चार रकाने आखले होते: तारीख, वेळ, बिघाड, कारण. पहिले तीन भरत चालले होते. चौथा कोरा होता.

हा संगणक काकांनी स्वतः जोडला होता. पुतणीनं फोनवरून यादी दिली, काकांनी एकेक भाग आणला, आणि काकूंच्या कापड बेतायच्या टेबलावर दोन दिवस बसून यंत्र उभं केलं. ते दोन दिवस फार सुखाचे गेले. स्क्रू पिळताना काकांना एक्स्चेंजचा तो लांबलचक हॉल आठवायचा, फोन जोडणाऱ्या हजारो रिलेंची टकटक, आणि दुपारी सगळं गाव झोपलं की ती टकटक कशी विरळ होत जायची ते. "नुसत्या आवाजावरून कळायचं, कुठल्या गल्लीत कोण बोलतंय," ते सांगायचे. काकूंनी हे बत्तीस वर्षं ऐकलं होतं, पण माणूस खुशीत दिसला म्हणून त्याही मान डोलवायच्या.

एवढा खटाटोप होता एका कॅसेटसाठी, तिच्यावरचं गाणं संगणकात भरून घ्यायला. काकांचा थोरला भाऊ, दादा, पेटी वाजवून गायचा. बायकोवर त्यानं एक गाणं रचलं होतं आणि फार वर्षांपूर्वी धाकट्याच्या याच घरात बसून टेपवर भरलं होतं. दादा जाऊन अकरा वर्षं झाली. वहिनींनी ती कॅसेट कपाटात साड्यांखाली ठेवून दिली, आणि एकदा लावायला गेल्या तर त्यांच्या यंत्रानं फीत गिळली. तेव्हापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. आता रविवारी वहिनींना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. पुतणीनं आईच्या नकळत कॅसेट काकांकडे पाठवली होती. काकांनी तुटलेली फीत जोडली, पण ती इतकी विरली होती की आणखी किती वेळा वाजेल याचा नेम नव्हता. त्यातल्या सात वेळा तर आताच खर्च झाल्या.

"काका, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवा," पुतणी फोनवर म्हणाली.

"बसवली. दोनदा."

"आत गरम होतंय का?"

"माझ्यापेक्षा थंड आहे."

"आणि प्लग ज्या बोर्डात लावलाय, तो तपासलात?"

"तो मी केलाय," काका म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

बोर्ड खरोखरच त्यांच्या हातचा होता. सागवानी पट्टीवर चार सॉकेटं, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला, पंचवीस वर्षं विनातक्रार. शिवाय काकांचा हिशेब पक्का होता. "वीज गेली असती तर पडदा विझला असता. पडदा चालू राहतो, म्हणजे दोष संगणकाच्या आत." पडदा आणि टेपरेकॉर्डर दोन्ही भिंतीवरच्या सॉकेटांत लावलेले आहेत, ही गोष्ट त्यांना माहीत होती, पण त्या भरात ती ध्यानात आली नाही.

बुधवारी संगणक जुन्या चादरीत बांधून त्यांनी दुकानात नेला. दुकानदारानं सकाळी तो चालू केला आणि संध्याकाळपर्यंत चालू ठेवला.

"काका, याला काही झालेलं नाही," दुकानदार म्हणाला. "मी तीनदा चहाला उठलो, हा एकदाही थांबला नाही."

घरी आणल्यावर काकांनी पत्रं टाइप केली, बातम्या वाचल्या, पत्त्यांचा डाव मांडला. तीन तास यंत्र धड चाललं. मग त्यांनी टेप लावली. पेटीचे सूर आले, पहिलं कडवं झालं, आणि पडद्यावर पुन्हा 'सिग्नल नाही'.

"टेपमध्येच काहीतरी आहे," काका हळू आवाजात म्हणाले.

"भाऊजींचा आवाज चढा होता," काकू कापडावरून नजर न काढता म्हणाल्या, "पण इतका नव्हता हो."

गुरुवारी काकांनी घरातल्या विजेवर संशय घेतला. आधी फ्रिज बंद केला. दूध नासलं, संगणक तरीही बंद पडला. मग त्यांची नजर काकूंच्या शिलाई मशिनीकडे वळली.

"तिची मोटर सुरू होते तेव्हा दाब खाली येतो. दोन दिवस मशीन बंद ठेव."

"शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत सोमवारी."

"वहिनींसाठी."

 काकूंनी मशिनीवर कापड झाकलं आणि हातानं करण्याजोगं काम, काजं आणि बटणं, बाजूला काढलं. पुतणीनं तोवर दुसरा उपाय सुचवला होता, थोडं थोडं भरून घ्या आणि शेवटी जोडा. काकांनी तो धुडकावला.

"दादाचं गाणं ठिगळं लावून द्यायचं नाही."

"नीट लावलेलं ठिगळ दिसत नाही," काकूंनी ऐकवलं. हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता.

शुक्रवारी काका जिने चढून-उतरून घरोघर गेले. चार ते पाच या वेळात कुणी मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप लावू नये, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. काकांनी प्रत्येकाचा फोन कधी ना कधी दुरुस्त करून दिला होता, त्यामुळे नाही कुणीच म्हणालं नाही. उलट लोकांनी ते फारच मनावर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई चार वाजता पंख्याशिवाय घामाघूम होत बसल्या. खालचा न्हावी दुकानातून वर येऊन दार वाजवून विचारून गेला, "काका, दाढीचं मशीन लावू का, की वस्तऱ्यानंच करू?" पाचव्या मजल्यावरचे आजोबा तर लिफ्टही नको म्हणून जिना चढून घरी निघाले आणि तिसऱ्यावर दम लागून वकीलबाईंकडे पाणी प्यायला बसले.

चार वाजून सहा मिनिटांनी, सगळी इमारत श्वास रोखून बसलेली असताना, संगणक बंद पडला.

काकांनी वही मिटली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "चौतीस वर्षांत एक बिघाड असा नव्हता जो सापडला नाही," ते म्हणाले. "आणि दादाच्या बाबतीतच..."  काकूंनी ताट झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी त्यांनी शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. फीत आता मध्येमध्ये कुरकुरत होती. काकू जमिनीवर बसून गणवेशांना बटणं लावत होत्या. मशिनीवर काम चालू असतं तर त्या खिडकीकडे तोंड करून, काकांना पाठमोऱ्या बसल्या असत्या. पण बंदी असल्यामुळे त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि टेबलाखालचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

पेटी वाजली. दादा गाऊ लागला. काकांनी डोळे मिटले. आणि त्यांचा उजवा पाय उठला, टेबलाखालच्या सागवानी पट्टीवर विसावला, आणि टाच तालात हलू लागली. पट्टी हलली, सॉकेटातला प्लग हलला. काकूंची सुई थांबली. चाळीस वर्षं त्यांनी मशिनीच्या पायट्यावर काढली होती, पाय आणि यंत्र यांचं नातं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"अहो, टेप थांबवा."

"मध्येच काय?"

"आधी थांबवा, मग सांगते."

काकांनी टेप थांबवली. संगणक चालूच होता.

"आता तो पाय हलवा."

"कुठला पाय?"

"तोच, जो गाणं लागलं की हलतो. दुकानात हलला नाही, पत्रं लिहिताना हलला नाही. भाऊजी गायला लागले की हलतो."

काकांनी अविश्वासानं टाच दोनदा आपटली. पंख्याची घरघर थांबली.

 मग काका खाली वाकले, बोर्ड वर काढला आणि झाकण उघडलं. पंचवीस वर्षांत सॉकेटाची पितळी पट्टी सैल झाली होती. चिमट्यानं आवळायला एक मिनिट लागलं. वहीत चौथ्या रकान्यात काय लिहावं यावर मात्र ते पुष्कळ वेळ विचार करत राहिले, आणि शेवटी त्यांनी लिहिलं: 'मी.'

"मशीन सुरू करू का आता?" काकूंनी विचारलं.

"कर. आणि वर जाऊन त्या वकीलबाईंनाही पंखा लावायला सांग."

तरीही धोका नको म्हणून काका खुर्चीवर मांडी घालून बसले. काकू शेजारी स्टुलावर. टेप पहिल्यापासून लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. इथून पुढचं काकांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर पेटी एकदम थांबली. काकांनी घाबरून पडद्याकडे पाहिलं. यंत्र चालू होतं. थांबला होता दादा.

"धाकट्या," टेपमधून दादाचा त्रासलेला आवाज आला, "किती वेळा सांगायचं, पाय हलवू नकोस. टेबल हलतंय. टेप बंद पडेल."

मग लांबून तरुण काकूंचं हसू ऐकू आलं, कुणीतरी खुर्ची सरकवली, दादा खाकरला आणि पुन्हा गाऊ लागला.

स्टुलावरच्या काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकाही हसले, पण त्यांना चष्मा काढावा लागला.

रविवारी वहिनींच्या खोलीत पुतणीनं गाणं लावलं. वहिनी मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. पहिल्या कडव्याला त्यांनी नुसती मान हलवली, दुसऱ्याला ओठांतल्या ओठांत शब्द म्हटले. "धाकट्या" हा आवाज आला तशा त्या ताठ झाल्या. गाणं संपलं.

"परत लाव," वहिनी म्हणाल्या.

पुतणीनं गाणं पहिल्यापासून लावलं.

"गाणं नको. ते तर मला पाठ आहे." वहिनींनी काकांकडे पाहिलं. "गाणी तो चारचौघांत म्हणायचा. हा रागावलेला आवाज फक्त घरातला. तेवढंच लाव."

पुतणीनं तेवढंच लावलं. मग आणखी एकदा. आणि वहिनी म्हणतील तितक्या वेळा, धाकटा मुकाट्यानं बोलणी खात बसला.