आप्पांच्या अंगणातला बहावा

आप्पा बोलायला उभे राहिले की ग्रामसभेतली माणसं हळूच चपला शोधू लागत. धारूरच्या डोंगराकडच्या त्या गावात आप्पांची शेती बरी होती, मान होता आणि त्यांचं भाषण अडवायची कुणाची छाती नव्हती. जुलैत ग्रामपंचायतीनं घरटी एक देशी रोप वाटलं, तेव्हा बहाव्याचं रोप हातात धरून ते दीड तास बोलले आणि भरात येऊन म्हणाले, "माझ्या अंगणात देशी झाड जगलं न्हाई, तर वर्षभर गावात भाषण करनार न्हाई!"

पेंगणारी सभा खडबडून जागी झाली. आप्पांचे जुने विरोधक बबनराव ताडकन उठले. "मॅडम, हे लिवून घ्या!"

ग्रामसेविका प्रियदर्शनी मॅडमनी लिहून घेतलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अर्धं गाव ऊसतोडीला जायच्या आत, पाहणी करायचं ठरलं. गावात एकमतानं मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना आप्पांच्या बहाव्याची काळजी लागली. "मूठभर युरिया टाका, बगा कसं उसळतंय," बबनराव म्हणाले. आप्पांनी दोन मुठी टाकल्या. कुणी म्हणालं पाणी कमी पडतंय, म्हणून भर पावसात ते दिवसातून तीनदा बादली ओतू लागले. कुणी ताक सुचवलं, कुणी तंबाखूचं पाणी.

"गाव किती जीव लावतंय आपल्या झाडाला," आप्पा गहिवरून बायकोला म्हणाले.

"लावतंय का घेतंय, ते बगा," सुंदरबाई म्हणाल्या.

शेळ्यांपासून राखण म्हणून कुंपण करायचं ठरलं. आप्पा बाभळीच्या मेढी तोडायला निघाले.

"बाभळीच्या कावून?" सुंदरबाईंनी अडवलं. "बांधावरच्या पांगऱ्याच्या आना. चांगल्या मनगटाएवढ्या."

"आगं, मेढीला काय, कशाची बी चालतीय."

"मंग पांगऱ्याच्याच आना."

सुंदरबाईंनी स्वतः खड्डे घेतले, चार मेढी पुरल्या, पायानं माती दाबली आणि भोवती जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं.

पोळ्यापर्यंत बहाव्याची पानं पिवळी पडली. नवरात्रात नुसती काडी राहिली. "नजर लागंल," म्हणून आप्पा कुणाला अंगणात फिरकू देईनात. त्यांना अन्न गोड लागेना. गावातलं भाषण आता बंद होणार, तेव्हा त्यांनी घरीच सवय करायला घेतली. सुंदरबाई भाकरी थापत असताना ते चुलीसमोर उभं राहून तासभर जलसंधारणावर बोलत. भाकरी करपत.

पाहणीच्या दिवशी मॅडमच्या मागं अख्खं गाव अंगणात शिरलं. बबनरावांनी तर धुवट धोतर नेसलं होतं. लुगडं सोडलं. आत वाळकी काडी.

"लई वाईट झालं," बबनराव म्हणाले, पण हसू काही त्यांना आवरेना. आप्पांनी मान खाली घातली.

मॅडम मात्र वर बघत होत्या. "हे चार पांगरे कुणी लावले?"

सगळ्यांनी माना वर केल्या. चारही मेढींना हिरवेगार फुटवे आले होते. तीन महिने आप्पा रोज तिथं उभे राहत होते, पण नजर सगळी खाली त्या काडीवर.

"आवो, त्या मेढी हायत!" बबनराव ओरडले आणि एक मेढ उपटायला धावले. मेढ हलली नाही. हातात काटा मात्र रुतला.

"पांगरा देशीच झाड आहे," मॅडम लिहीत म्हणाल्या. "एक मेलं, चार जगली."

आप्पांना कंठ फुटला. पांगऱ्याच्या महतीवर ते तिथंच दोन तास बोलले. उद्या ऊसतोडीला निघणारे आजच निघायचं बोलू लागले.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बायकोजवळ टेकले. "पांगरा फुटतोय, हे ठावं होतं तुला?"

"पोरीबाळींना बी ठावं हाय."

"मंग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी युरिया टाकला असता."

आप्पांचे डोळे पाणावले. "माझं भाषण चालू ऱ्हावं म्हणून येवढं केलंस? येवढं आवडतंय तुला?"

"गावात शंभर मानसं ऐकत्यात, वाटून जातंय," सुंदरबाई म्हणाल्या. "घरात मी एकटीच हाय."