जपून ठेवलेली धूळ

पुरावा गोळा करावा तर मीच! छाती ठोकून सांगतो. आमच्या तालुक्यात वकील आहेत, पोलीस पाटील आहेत, पण पुरावा म्हणजे काय ते कळतं फक्त या अश्वजितला. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रोज शंभर पुराव्यांच्या प्रती माझ्या हातून निघतात. प्रत्येक प्रतीवर एक काळी रेघ येते, तिचा दोष मशीनला देऊ नका. ती कोळशाची आहे. बाई असो की बुवा, माझ्याकडे आधारकार्डाची प्रत काढली की नाकाखाली मिशी फुटलीच!

गावाचं नाव सांगत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. कोळशाच्या खदानीतून निघालेले हायवा, म्हणजे ते टेकडीएवढे ट्रक, ताडपत्रीचं एक ठिगळही न पांघरता आमच्या दारावरून रेल्वेच्या माल भरायच्या साइडिंगला जातात. त्यांच्यासाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता बांधलाय. चांगला गुळगुळीत! त्यावर आमचे लोक धान वाळवतात. ट्रक मात्र गावातून, कारण चार किलोमीटर वाचतात. चार किलोमीटर! त्यापायी माझी सहा वर्षांची रिना खोकते, अंगणवाडीतली सगळी पोरं खोकतात, शेळ्या खोकतात. कापूस बोंडातून पांढरा निघतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला सुतक लागतं. आमच्या तळ्यावर उतरतो तो बगळा आणि उडतो तो कावळा!

राग येतो हो! सकाळी डोळे उघडावे तर पापणी करकरते, तिथूनच राग सुरू होतो. मी अकरा अर्ज लिहिले. अकराही वेळा उत्तर आलं, ‘पुरावा सादर करावा.’ फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘फोटो अस्पष्ट आहेत.’ अहो, अस्पष्ट नाहीत साहेब, तीच तर धूळ आहे!

बाराव्या अर्जाला मात्र कोणाला तरी पाझर फुटला. प्रदूषणाचे साहेब स्वतः पाहणीला येणार होते, आठ दिवसांनी. धूळ आढळली, तर ट्रक बाहेरच्या रस्त्यानं. नाही आढळली, तर प्रकरण बंद. कायमचं.

मी घरच्यांना ओसरीत उभं केलं. अंगणातल्या दोरीवर नवी पांढरी चादर टांगली. तिच्या बाजूला आंब्याचं झाड होतंच. ओसरीत एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

"आठ दिवस कोनी कायलेच हात लावायचा नाई!" मी हुकूम सोडला.

"झाडू?" बायकोनं, नूतननं विचारलं.

"नाई."

"फडकं?"

"नाई!"

"मंग तुमाले काय फरक पडते? तुमी तं लग्नापासून हात नाई लावला."

माय, गिरजाबाई, ओठ मिटून खराट्याकडे पाहत राहिली. रोज पहाटे अंगण झाडताना ती आपली आपण गुणगुणते,

झाडते बाई अंगन, माझा खराटा झिजला
ट्रक गेला दारावून, पुन्हा उंबरा माखला

आठ दिवस खराटा मुका आणि मायही मुकी. शेजारची सोनीबाई एकदा खुर्चीकडे पाहून कळवळली आणि पदरच घेऊन धावली, तेव्हा मी तिला अशी काही अडवली की तिच्या घरून दोन दिवस ताकाचा तांब्या आला नाही. पण सातव्या दिवशी माझं पीक काय तरारून आलं होतं! चादर काळी कुळकुळीत. तिच्यावर बोट ओढावं तर खाली पांढरी वाट उमटे. इतकी सुंदर धूळ मी जन्मात पाहिली नव्हती. रिनानं खुर्चीच्या बैठकीवर बोटानं एक ‘र’ काढला. म्हटलं, राहू दे. पुराव्यावर सही हवीच!

आठव्या दिवशी सकाळी अंगणात आलो आणि पायाखालची जमीन सरकली. दोरीवर चादर डुलत होती. पांढरीशुभ्र! टपटप पाणी गळत होतं.

"माय!"

"काऊन बोंबलून राह्यला?"

"चादर कोनं धुतली?"

"मी. पहाटेच. नीळबी देल्ली."

"अवं, तो पुरावा होता!"

"असन पुरावा. बाहेरगावचा मानूस येते अन् दारात असा कपडा? तुया बापानं फाटका सदरा घातला, ठिगळाचा घातला, पन मळका घालून कधी उंबऱ्याभाईर पाय नाई टाकला. मळके म्हनून लोकायनं आमाले लय हिनवलं, अश्वजित. आता माया दारात कोनी मळकं पाह्यचं नाई."

मी रागानं पेटलो होतो, पण माझ्या रागाहून तिचा राग चाळीस वर्षांनी थोरला होता. म्हटलं, जाऊ दे. आंबा आहे, रस्ता आहे, खुर्ची आहे.

तेवढ्यात फुर्रर्र असा आवाज आला. ग्रामपंचायतीसमोर टँकर उभा! आमचे सरपंच धनराजभाऊ हातात पाइप घेऊन, नव्या जावयाला न्हाऊ घालावं तसे रस्त्याला न्हाऊ घालत होते. रस्ता झाला, अंगणवाडीची भिंत झाली, मग झाडांचा नंबर लागला.

"भाऊ! हे काय करून राह्यले?"

"साहेब येऊन राह्यले ना! गाव कसं चकाचक दिसलं पाह्यजे. ट्रकवाल्यायनं टँकर फुकट देल्ला!"

"अन् ट्रक?"

"आज बंद. साहेबाले धुळीचा तरास नको म्हनून."

"भाऊ, साहेब धूळ पाहाले येऊन राह्यले!"

"हौ ना," धनराजभाऊ म्हणाले, "मंग पाहू दे ना बाप्पा. आपन काय नाई म्हटलं?"

माझ्या डोक्याची शीर तडतडू लागली. पाइप हिसकावायला धावलो, तर तो माझ्याच तोंडावर फिरला, आणि तिथून आमच्या आंब्यावर. वरून खाली, फांदी फांदी, पान पान. काळं पाणी बुंध्यावरून ओघळलं, मग राखाडी, मग स्वच्छ. मी शिवी घशापर्यंत आणली होती. तेवढ्यात रिना माझा हात धरून वर पाहू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "आंबा हिरवा असते?"

शिवी घशातच राहिली. सहा वर्षांची पोर! जन्मापासून त्या झाडाखाली खेळते. उन्हात तिनं पानाला हात लावला, पान पोपटाच्या पंखासारखं चमकलं, आणि ती हसली. हसता हसता खोकली.

ठरवलं. आता खुर्ची! जीव गेला तरी खुर्ची सोडायची नाही. आठ वाजल्यापासून तिच्याजवळ उभा राहिलो. देवाजीभाऊ आले, गुडघेदुखीचे म्हातारे, तमाशा पाहायला गावाच्या आधी हजर.

"हो बाजूले, टेकतो जरासा."

"भाऊ, उभे राहा!"

"अबे, गुडघे दुखतेत!"

"दुखू द्या. इथी बसायचं नाई."

"खुर्ची हाय का निवडनुकीची सीट बे? तूबी बसत नाई, मालेबी बसू देत नाई!"

सगळी आळी हसली. मी नाही हसलो. नूतननं चहा आणून दिला, तोही उभ्यानंच प्यालो. मनात भाषण घोकत होतो. साहेब, ही धूळ आमच्या लेकरांच्या छातीत आहे. साहेब, ट्रकवाल्यांचे चार किलोमीटर वाचतात, आमचे श्वास जातात. असं बोलणार होतो की साहेबांनी जागीच पेन काढावं!

बारा वाजता साहेब आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. ओला रस्ता पाहिला. हिरवा आंबा पाहिला. चादरीकडे पाहून तर म्हणाले, "वा! कुठली पावडर वापरता?"

मायनं पदर सावरला. "पावडर नाई, साबनाची वडी. अन् नीळ."

"छान. तक्रारदार कोण?"

"मी!" मी पुढे झालो. आठ दिवसांचा राग, बारा अर्जांचा राग, मुठी आवळलेल्या.

"कुठे आहे तुमची धूळ?"

"दाखवतो साहेब! आता दाखवतो! इथीच हाय! या ना, या, आधी बसा..."

आणि माझ्या खांद्यावरचा दुपट्टा खाली आला. फट्! फट्! दोन फटक्यांत बैठक साफ, तिसऱ्यात पाठ, आणि चौथा, सवयीनं, हवेत झटका!

देवाजीभाऊंनी कपाळाला हात लावला. माय मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून मान हलवत होती, लेकाला रीत येते म्हणून! काय सांगू तुम्हाला, मी नव्हतो हो तो. हात होते माझे. पाहुण्याला धुळीत बसवायचं नाही, हे त्या हातांना मला न विचारताच ठाऊक होतं.

‘र’ उडाला. आठ दिवसांची धूळ एक लोळ होऊन उठली आणि नेमकी साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसली. साहेब खोकू लागले. रिनासारखंच, खोल खोल.

मला तर हर्षच झाला. "हीच! हीच ती धूळ साहेब! लिहा!"

"ही तुम्ही उडवलीत," साहेब डोळे चोळत ओरडले.

"पन ती आली कुठून?"

"तुमच्या दुपट्ट्यातून! मी प्रत्यक्ष पाहिलं!"

"दुपट्ट्यात कुठून आली?"

"खुर्चीवरून."

"अन् खुर्चीवर?"

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. ती लखलखत होती. ते बसले, चहा प्याले, शर्ट झटकला आणि निघाले. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तोच सकाळपासून अडवून ठेवलेले एकोणीस हायवा एकामागून एक दणदणत आले. मी रस्त्यात आडवा उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडलो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि ट्रक बाजूनं काढला. संध्याकाळपर्यंत आंबा पुन्हा जुन्यासारखा झाला. रिनानं विचारलं, "हिरवा कुठी गेला?" मी म्हटलं, "झोपला."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. ‘पाहणीवेळी रस्ता ओला, झाडे हिरवी व कपडे स्वच्छ आढळले. तथापि दुपारी बाराच्या सुमारास धूळ आढळली. उगमस्थान : तक्रारदाराचा दुपट्टा. तक्रारदारास समज देण्यात यावी.’

रागानं कागद फाडायला घेतला. खरंच सांगतो, एक कोपरा फाटलाही. मग हात थांबला. बारा अर्जांत पहिल्यांदाच सरकारी कागदावर, गोल शिक्क्यानिशी, स्पष्ट अक्षरांत लिहून आलं होतं, ‘धूळ आढळली’!

आता फक्त ट्रक आढळायचे राहिलेत.