अळणी साक्ष

कचेरीचा पट्टेवाला समन्स घेऊन आला, तेव्हा सरस्वतीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. कागद सरकारचा, त्यामुळे टाकून देता येईना. आणि घरात कुठे ठेवायलाही धीर होईना. शेवटी त्यांनी तो देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे उभा केला. तिथून तो रोज पूजेच्या वेळी डोकं वर काढायचा.

प्रकरण तसं साधं होतं. किन्हवलीच्या अलीकडे त्यांची वाडी. वाडीतून ओढ्याकडे जाणारी एक पायवाट शेजारच्या देवजीच्या बांधावरून जात असे. त्याच वाटेने गोदू आपल्या खाचरात जायची. गोदूला नवरा नव्हता, गाडी नव्हती. भाताचे भारे ती डोक्यावरून आणायची. आषाढात तिच्या वासराने देवजीचं रोप खाल्लं, त्यावरून दोघांचं वाजलं आणि देवजीने बांधावर काट्यांचं कुंपण घातलं. गोदूने शहापूरच्या कचेरीत अर्ज केला, तर देवजीने लिहून दिलं, की इथे वाट कधी नव्हतीच. कापणीच्या आत वाट मोकळी झाली नाही, तर गोदूला भारे घेऊन कोसभर वळसा पडणार होता.

वाट होती हे सांगायला माणूस एकच. ओढ्याकाठच्या औदुंबराला रोज अकरा प्रदक्षिणा घालायचा सरस्वतीबाईंचा नेम होता आणि बारा वर्षं त्या याच वाटेने जात होत्या.

पण सरस्वतीबाई धाकट्या दिरासमोरसुद्धा दोन वाक्यं सलग बोलत नसत. कचेरीत तर देवाची शपथ घालतात असं त्यांनी ऐकलं होतं. शपथ घेऊन एखादा शब्द मागेपुढे झाला, तर बारा वर्षांच्या प्रदक्षिणा फुकट जातील, ही त्यांना खरी भीती.

त्यांचा आवाज मोकळा व्हायचा तो फक्त सोमवारी दुपारी, कहाणी सांगताना. मुठीत अक्षता घ्यायच्या, डोळे देवाकडे लावायचे आणि दर वाक्याला कुणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार आला नाही, की त्यांचं पुढचं वाक्य जागच्या जागी अडायचं. आणि अडचण अशी, की बारा वर्षं हा हुंकार देवजीचाच होता. पडवीच्या खांबाला टेकून तो बसायचा, शेवटी गूळखोबरं घ्यायचा आणि जायचा. नुसता हुंकारच देत नसे. सरस्वतीबाईंच्या हातून एखादा प्रसंग सुटला, तर तिथेच त्यांना थांबवायचा. भांडण झाल्यापासून तो पडवीत फिरकला नव्हता.

नवरा धर्मा म्हणाला, की सवय करावी, म्हणजे भीती जाते. म्हणून साक्ष म्हशीपुढे म्हणून झाली. म्हशीने ऐकून घेतलं, पण हुंकार दिला नाही. मग सून शकूला समोर बसवलं. पहिल्या दोन वाक्यांना तिने हुंकार दिला, तिसऱ्याला ती घोरायला लागली. तेव्हा सरस्वतीबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की साक्ष नीट होईपर्यंत मीठ खायचं नाही.

चूल एकच होती, त्यामुळे नेम धर्मालाही लागला.

पहिल्या तारखेला मामलेदारसाहेब दौऱ्यावर निघाले. बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून सगळे परत आले. घरी आल्यावर सरस्वतीबाईंनी आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मिठाबरोबर मिरचीही सोडली. दुसऱ्या तारखेला देवजीच्या वकिलांना ताप आला. आंबट सुटलं. आता आमटी म्हणजे कोमट पाण्यात डाळ, एवढंच उरलं होतं. धर्माने ताट पुढे ओढलं, एक घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "तिसरी तारीख चुकली, तं मंग काय सोडशील गो? भात?"

"बघू," सरस्वतीबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून धर्माही कुंपणाला वळसा घालून औदुंबराला जाऊ लागला.

तिसरी तारीख कापणीच्या तोंडावर आली. गोदूच्या वकिलांनी कचेरीच्या पायरीवर सरस्वतीबाईंना बजावलं, की विचारतील तेवढंच बोलायचं आणि हातात काही धरायचं नाही. सरस्वतीबाईंनी मान डोलावली. अक्षता पदराच्या गाठीत होत्या, हातात नव्हत्या.

शपथ झाली. मामलेदारांनी नाव विचारलं. सरस्वतीबाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. कारकुनाने तेच मोठ्याने विचारलं, तेव्हा ओठही हलायचे थांबले. दाराशी उभी असलेली गोदू पदर चावत होती. बाकावर देवजी खाली बघत बसला होता, आणि त्याचे वकील समाधानाने पाय हलवत होते.

मामलेदार वयस्क होते. त्यांनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "बाई, घरी जसं सांगता, तसं सांगा."

हे ऐकून सरस्वतीबाईंना धीर आला. त्यांनी पदराची गाठ सोडली, अक्षता मुठीत घेतल्या आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडे डोळे लावले. गोदूच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"ऐका औदुंबरदेवा, तुमची कहाणी. एक वाडी होती. तिथं एक बाई राहत होती."

आणि त्या थांबल्या. कारकुनाचा टाकही थांबला. सगळी कचेरी पुढच्या वाक्याची वाट बघत होती आणि पुढचं वाक्य हुंकाराची.

"हुं," बाकावरून आवाज आला.

तो देवजीच्या तोंडून निघाला होता, आणि सगळ्यांत जास्त दचकला तो देवजीच.

"ती रोज पहाटे नेमाला निघायची."

"हुं."

"देवजीच्या बांधावर चढायची."

"हुं." वकिलांनी त्याला कोपराने ढोसलं.

"तिथून नीट औदुंबरापाशी जायची."

आता हुंकार आला नाही. देवजीने मांडी बदलली, पागोटं सारखं केलं, वकिलांकडे पाहिलं. पण बारा वर्षांत त्याने कहाणीतला एक प्रसंग गळू दिला नव्हता.

"वयनी, नीट कशी जाल? मधी शेंदऱ्या दगड राह्यला. त्याला वळसा घालूनशान वाट जाते."

"राह्यलाच की," सरस्वतीबाई अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या.

मामलेदार पुढे झुकले. "वाट जाते?"

"जाते तं, साहेब. माज्या बापानंच शेंदूर लावलेला, येनारा-जानारा ठेचकाळू नये म्हनून." एवढं बोलून देवजीने वकिलांकडे पाहिलं. वकील आपला चष्मा पुसत होते. तो चांगला स्वच्छ होता.

मामलेदारांनी कारकुनाला सगळं उतरून घ्यायला सांगितलं आणि सरस्वतीबाईंना म्हणाले, की झालं, आता बसा. सरस्वतीबाई बसल्या नाहीत.

"साहेब, कहानी अर्धी टाकता येत नाय. दोष लागतो."

"कुणाला?"

"ऐकनाऱ्याला."

मामलेदारांनी क्षणभर विचार केला. घरी त्यांचीही आई असावी. त्यांनी घड्याळ पालथं ठेवलं. "पुरी करा."

"मंग वाटेवर काटे पडले. बाई देवाला म्हनाली, देवा, काटे घालनारा मानूस वाईट नाय, रागावलाय. त्याचा राग जाऊ दे. देवानं ऐकलं. कापनीच्या आदी त्यानं आपल्या हातानं कुंपन काढलं."

हे अजून घडलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरस्वतीबाई अक्षता मुठीत धरून उभ्या राहिल्या. कारकून देवजीकडे बघत होता, मामलेदार बघत होते, चष्मा घालून देवजीचे वकीलही बघायला लागले. देवजी छताकडे बघत होता.

"आन वासराचं काय झालं?" त्याने शेवटी छतालाच विचारलं.

"वासराला गोदूनं दावं लावलं."

"लावलं, लावलं," दारातून गोदू म्हणाली. "दोन लावीन."

देवजीने छतावरची नजर खाली आणली.

"हुं," देवजी म्हणाला.

सरस्वतीबाईंनी कहाणी पुरी केली, बाईला लाभलं तसं सगळ्यांना लाभो म्हणाल्या आणि अक्षता टेबलावर वाहिल्या. दोन दाणे कारकुनाच्या दौतीत पडले.

पुढच्या सोमवारी कुंपण निघालेलं होतं. गोदूचे पहिले भारे बांधावरून घरी आले आणि शेंदऱ्या दगडाला नवा शेंदूर लागला. सरस्वतीबाईंनी अन्नपूर्णेमागचा कागद काढून ओढ्यात सोडला, आणि नेमाचं उद्यापन म्हणून हुंकार देणाऱ्याला जेवायला बोलावलं. दोन महिन्यांनी घरात मीठ, मिरची आणि चिंच एकदमच चुलीपाशी आली होती. इतक्या दिवसांत सरस्वतीबाईंच्या हाताचा अंदाज सुटला होता, आणि देवाच्या नैवेद्याची चव बघायची नसते.

देवजीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"वयनी, राग मानू नका. मीठ जरा सढळ झालं."

सरस्वतीबाईंना खरं वाटेना. त्यांनी धर्माकडे पाहिलं. खरं काय ते आता त्यानेच सांगायचं होतं.

धर्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने भराभर दुसरा घास कालवला.

"माजी साक्ष काढू नकोस," तो म्हणाला, "आन आमटी वाढ."